सहा बाय सहाचा कागद

सरकारी दवाखान्यात भिंतीवर डोळे तपासायचा जो तक्ता टांगलेला असतो, तो मला आजही वरून खाली, खालून वर आणि मधल्या कुठल्याही ओळीपासून म्हणता येतो. लोकांना स्तोत्रं पाठ असतात, मला तक्ता पाठ आहे. सव्वीस वर्षं मी वसमत तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नेत्रसहाय्यक होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. या लेखात ज्या चुका आहेत त्या माझ्या आहेत. इमारतीचा त्यात काही दोष नाही, ती बिचारी तशीही गळतच होती.

नेत्रसहाय्यक म्हणजे काय हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "डॉक्टर हाईस का न्हाईस, एवढंच सांग," असं त्या विचारायच्या. मी "नाही" म्हटलं की शेजारणीला सांगायच्या, "डॉक्टरच हाय, पर लाजती." काम तसं सरळ होतं. तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यात गेलेलं कुसळ काढायचं, बॅटरीच्या उजेडात मोतीबिंदू शोधायचा आणि शिबिराच्या दिवशी बाहेरगावचे सर्जन आले की त्यांच्यापुढं म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं बसवायच्या. मोतीबिंदूचं उद्दिष्ट वरून ठरून येई. मार्च जवळ आला की आम्हाला साठीपुढच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यात पांढरं दिसू लागे. एसटी स्टँडवर बसले तरी मी समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टक लावून पाहायची, आणि त्याची बायको त्याला कोपरानं ढोसून विचारायची, "ही बाई तुमच्याकडं काहून पाहून राहिली?"

गिऱ्हाइकं एकेक नमुना. ट्रॅक्टरचं लायसन काढायला आलेली पोरं रांगेत उभ्या उभ्या पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करत. एकानं तर मी काडी ठेवायच्या आतच शेवटची ओळ म्हणून दाखवली, तीही माझ्याकडं पाहत. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा तक्ता असे, त्यात तीन दातांच्या खुणा असतात आणि दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं असतं. एक आजोबा सगळी उत्तरं उलटी देऊन राहिले होते. मी वैतागले, तर म्हणाले, "बाई, तुमी तक्ता उलटा टांगला जणू." मी जवळ जाऊन पाहिलं. उलटाच होता. चार दिवसांपासून उलटा होता.

नव्वदच्या दशकात, आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा व्हायच्या आधीच, शुगर आली. म्हणजे आधीपासून असणारच, पण आम्हाला ती मुंबई-पुण्याच्या जाड्या माणसांची बीमारी वाटायची. आमच्याकडच्या रोग्याला शुगर आहे म्हणून सांगितलं की तो चिडायचा. "मी तं साखरंला शिवत बी न्हाई, गुळाचाच चहा पितो!" गूळ म्हणजे जणू दुसऱ्या जातीचा, त्याचा साखरेशी काही सोयरसंबंध नाही.

कुरुंद्याच्या एका गुरुजींचा डावा डोळा एके सकाळी नाकाकडं वळून बसला, आणि त्यांना एकाचे दोन दिसू लागले. "बाई, दोन बायका दिसून राहिल्या," ते हळूच म्हणाले, "आन दोनी बोलून राहिल्या." घरच्यांनी करणी म्हणून लिंबू-मिरची बांधलीच होती. ही शुगरची करणी होती. डोळा फिरवणाऱ्या नसेला रक्त पुरवणारी बारीक नळी बंद पडली की डोळा असा रुसतो, आणि शुगर आवरली तर दोन-तीन महिन्यांत बहुतेक आपोआप ताळ्यावर येतो. मी गोळ्या चालू करवल्या, एका डोळ्यावर पट्टी लावली. अडीच महिन्यांनी गुरुजींची दुसरी बायको नाहीशी झाली आणि श्रेय लिंबू-मिरचीला गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पण त्या गुरुजींमुळं मी स्वतःला शुगर ओळखणारी समजू लागले होते, एवढं मात्र इथं लिहून ठेवते.

आता हरसिंग राठोडांचं सांगते. खरं तर त्यांचंच सांगायला बसले आहे.

मोंढ्यात, म्हणजे आमच्या शेतमालाच्या बाजारात, हळदीचा हंगाम उन्हाळ्यात असतो. शेतकरी हळद खणतो, शिजवतो, वाळवतो, घासून चकचकीत करतो आणि पोत्यात घालून मोंढ्यात आणतो. तिथं अडतवाला, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा, तो ढीग लिलावाला लावतो. बोली सुरू व्हायच्या आधी एक माणूस ढिगातलं एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग उन्हात धरून पाहतो आणि एक शब्द बोलतो. पक्का, मध्यम किंवा फिका. त्या शब्दावर बोली चढते किंवा बसते. एका शेटजींच्या मोठ्या अडतीवर वीस वर्षं हा शब्द बोलणारा माणूस म्हणजे हरसिंग. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखात हिंडलेले, आणि माल डोळ्यानं तोलायची अक्कल तिथूनच त्यांच्या बंजारा तांड्यात आली असं मामा सांगत. व्यापाऱ्याला त्यांचा शब्द चाले आणि शेतकऱ्यालाही चाले, हे मोंढ्यात फार क्वचित घडतं.

एका एप्रिलच्या सुरुवातीला मामा माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर रांगेत सुटून राहिली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"मामा, एक चप्पल कुणाला दान केली?" मी म्हटलं. रांग हसली. मामांनी खाली पाहिलं आणि तेही हसले.

"आयला, कवा सुटली ही?"

मग खुर्चीवर बसून म्हणाले, "बाई, माह्या डोळ्यात खोट न्हाई असं सरकारी कागदावर लिहून द्या."

कशाला, असं मी विचारलं. मामांनी आवाज खाली केला. "शेटजी म्हणून राहिले, हरसिंग, तुला फिका माल बी पक्का दिसून राहिला. तीन खेपा झालं असं. आन तिनी खेपा माल आमच्या तांड्यावरच्याच लोकायचा निघाला. आता मोंढ्यात बोलून राहिले, हरसिंग आपल्या लोकायचा माल चढवून सांगतो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी चढवून न्हाई सांगितलं, बाई. मला दिसला तसा सांगितला. तुमी डोळे तपासा आन लिहा, म्हंजे तोंडं बंद होतील."

मी तपासले. मामांना अक्षरं येत होती. उजवा डोळा झाकून, डावा झाकून, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं खडाखडा. दोन्ही डोळे सहा बाय सहा, म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जेवढं दिसायला हवं तेवढं पुरेपूर. पन्नाशीतल्या माणसाचा असा डोळा पाहून मलाच आनंद झाला. मी कागदावर तसं लिहिलं, वर उत्साहानं "दृष्टी अत्युत्तम" असं जोडलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि शिक्का असा मारला की टेबल हललं. मामांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली. जाताना रांगेतून चप्पल शोधून घेतली.

आठ दिवसांनी त्यांची बायको आली. चावळीबाई. दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर घामाचे ओघळ. रांगेला न जुमानता आत शिरल्या आणि तो कागद माझ्या टेबलावर आपटला.

"ह्या कागदानं माह्या मालकाला चोर केलं," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मामांनी मोठ्या तोऱ्यात कागद शेटजींना दाखवला. शेटजींनी वाचला, चारचौघांना वाचून दाखवला आणि म्हणाले, "डोळे येवढे बराबर हायेत, तं मंग तू समजून-उमजूनच खोटं बोलला." झालं. डोळे कच्चे असते तर चूक म्हणता आली असती. डोळे अत्युत्तम, त्याखाली दोन रेघा, म्हणजे लबाडीच. मामांचं ढिगापुढं उभं राहणं बंद झालं. तांड्यावर त्यांच्या भावांनाही लोक टोमणे मारू लागले.

मी म्हटलं, "मामी, कागद खरा आहे. त्यांना सगळं दिसतं."

"सगळं दिसतं!" चावळीबाई भडकल्या. "माही पिवळी ओढणी पांढरी म्हनतो. निळ्या बांगड्या आन म्हनलं तं हिरव्या आनतो, आन भांडतो बी की निळ्याच हायेत! परवा हळद शिजवायच्या भट्टीपाशी उभा राहिला, तापल्या राखंत पाय देऊन. पायाला येवढा फोड आला, कातडं सोललं, तरी ह्याला पत्ता न्हाई. मीच वरडले. आन रात-दिवस पानी पितो ढोसढोस. दुसरं कोन सांगंल, बाई? तुमी तं कागदावर लिहून मोकळ्या झाल्या."

त्या भांडत होत्या. मी मात्र मनात एकेक जोडत होते. राखेतला पाय. सुटलेली चप्पल. "मामा, कुणाला दान केली?" आणि माझं ते हसणं.

इथं जरा शिकवते, कंटाळा करू नका. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. समोरचं चित्र त्यावर पडतं आणि तिथून एक जाड नस ते मेंदूकडं नेते. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की त्या सैल पडून पाझरतात. सिद्धेश्वरच्या कालव्याची चारी फुटली की भोवतालचं रान चिबडतं, तसा पडदा ओला होऊन सुजतो. मग शरीर घाबरून नव्या नळ्या काढतं, त्या इतक्या कच्च्या असतात की कधीही फुटून डोळ्यात रक्त सांडावं. हे होताना काही दुखत नाही, डोळा लाल होत नाही. तक्ताही वाचता येतो, कारण तेवढ्यापुरता पडद्याचा मधला मोहरीएवढा तुकडा शाबूत असला की भागतं. रंग मात्र कधी कधी आधी बिघडतात, त्यातही निळा आणि पिवळा आधी. नसांचंही तसंच. सगळ्यात लांबच्या नसा आधी बधिर होतात, म्हणून पहिला नंबर पायांचा. हे सगळं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी परीक्षेत लिहून चांगले मार्कही घेतले होते. पण ज्याचं पोट पिवळ्या रंगावर चालतं त्याला मी काळी अक्षरं दाखवली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर, आणि टेबल हलवून शिक्का मारला.

"मामांना घेऊन या," मी म्हटलं. "आत्ता. अन् हा कागद माझ्याकडं राहू द्या."

"कागद न्हाई द्यायची मी," चावळीबाई म्हणाल्या, आणि ओच्यात खोचून गेल्या.

त्या काळी लघवीतली साखर अशी पाहत: परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर नसली तर निळं निळंच राहतं. असली तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि फार असली तर विटकरी. मामा दुपारी आले. मी थेंब टाकायच्या आधीच नळी त्यांच्यापुढं धरली.

"मामा, हा रंग कोणता?"

"हिरवा."

"निळा हाय वो!" चावळीबाईंनी कपाळावर हात मारला.

"हिरवा," मामा शांतपणे म्हणाले. वीस वर्षं लोकांनी ज्याचा शब्द मानला तो माणूस बोलत होता. मग नळी तापली आणि बघता बघता विटेसारखी लाल झाली. ती कुणाही शहाण्याला दिसली असती.

डोळ्यात थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतलं पाहिलं. मी पाहिलं आणि मग चार दिवसांनी शिबिराला आलेल्या सर्जननी पाहिलं. दोघांचं एकच मत. दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके, आणि डाव्यात त्या कच्च्या नव्या नळ्यांचं जाळं. सर्जन म्हणाले, लवकर लेसर करा. लेसरसाठी औरंगाबाद गाठावं लागे. लेसर गेलेलं परत आणत नाही, आहे ते राखतं, तेही वेळेत केलं तर. पिवळा रंग तर परत यायचाच नाही. हे सगळं मी मामांना समजावून सांगितलं. चिठ्ठी लिहिली.

मामांनी चिठ्ठी हातात घेतली नाही.

"आदी मोंढ्यात चला," ते म्हणाले.

"मामा, डोळा जाईल."

"जाऊ द्या. आंधळा झालो तं लोक हात धरतील. चोर झालो तं कोन धरंल? तुमी कागद लिहिला, आता तुमीच येऊन सांगा की कागद अर्धाच खरा हाय. मंग मी कुटं बी येतो. औरंगाबाद काय, दिल्लीला येतो."

हट्टी माणूस. मी रागावले, घाबरवलं, चावळीबाईंना मध्ये घातलं. उपयोग शून्य. मग मी आमच्या साहेबांकडं, म्हणजे अधीक्षकांकडं गेले. साहेब माणूस सज्जन, पण कागदाला विंचवासारखे भीत. "तुम्ही जाहीरपणे सांगणार की तुमचा दाखला चुकला?" ते म्हणाले. "उद्या प्रत्येक ड्रायव्हरचा दाखला चुकला म्हणून लोक येतील. दुसरा दाखला द्या ना, नीट भाषेत. वर विचारून देऊ." वर विचारायचं म्हणजे काय, हे ज्यांनी सरकारी नोकरी केली त्यांना सांगायला नको.

साहेबांचं नाव पुढं करणं सोपं आहे. खरं कारण मी होते. भर मोंढ्यात हमालांच्या, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून "मी चुकले" म्हणायचं, हे मला नको होतं. आमच्या वस्तीतून शिकून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली बाई. लोक आपल्या लेकींना माझ्याकडं बोट दाखवून सांगत. त्यांच्यापुढं चूक कबूल करायची, तर मग काय राहिलं, असं वाटे. त्यातच चौदा एप्रिल आला. मिरवणूक, भाषणं, मुलींच्या लेझीमची तालीम माझ्याकडं. मी स्वतःला सांगितलं, जयंती होऊ दे, मग पाहू. जयंती झाली. मग म्हटलं, साहेबांचं उत्तर येऊ दे. असे पंधरा दिवस गेले. व्यासपीठावरून मी मुलींना निर्भय व्हा म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या.

सोळाव्या दिवशी मामा सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले होते. शेजारी चावळीबाई, तोंडाला पदर लावून. "डाव्या डोळ्यापुढं आदी कोळ्याचं जाळं लोंबल्यावानी झालं," मामा म्हणाले. "मंग काळं वाहत आलं. आता निस्ता अंधार हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरं वाटलं असतं.

कच्ची नळी फुटली होती. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. सरकारी नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटचं, भर सकाळी, झाडूवालीच्या समोर.

मग उठले. लॅबमधली निळ्या औषधाची बाटली घेतली, कपाटातून जखमेची पट्टी बांधायच्या हिरव्या कापडाचा तुकडा घेतला, आणि कुणालाही न विचारता मामा-मामींना घेऊन मोंढ्यात गेले.

लिलाव रंगात आला होता. हळदीचा धुरळा नाकातोंडात जात होता. घोळक्यात मी एकटीच बाई, कारण चावळीबाई मागं पोत्यापाशीच थांबल्या होत्या. शेटजींनी पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. आणखी एक कागद आणला का?"

"नाही," मी म्हटलं. "पहिलाच कागद चुकीचा होता, ते सांगायला आले."

बोली थांबली. मी आवाज मोठा ठेवला. म्हटलं, मामांना उजव्या डोळ्यानं लांबचं सगळं दिसतं, पण शुगरमुळं पिवळा आणि निळा रंग कळत नाही. फिका-पक्का त्यांना सारखाच दिसतो. मी अक्षरं तपासली, रंग तपासले नाहीत. लबाडी त्यांची नाही, अर्धी तपासणी माझी.

शेटजी हसले. "अक्षर दिसतं आन रंग दिसत न्हाई? हे कुठलं नवीन?"

मी मामांना एकेका डोळ्यावर तळहात ठेवून समोरच्या अडतीची पाटी वाचायला सांगितली. डाव्यानं काहीच नाही. उजव्यानं मामांनी पाटी वाचली, पाटीखालची बारीक अक्षरं वाचली, आणि पाटीवर पाल आहे असंही सांगितलं. लोकांनी मान वर करून पाहिलं. पाल होती. मग मी एका हातात बाटली आणि एका हातात कापड धरलं. सगळ्यांनी पाहिलं, एक निळं आणि एक हिरवं. मी मामांना विचारलं.

मामांनी घसा साफ केला आणि ढिगापुढं वीस वर्षं जसा शब्द टाकला होता तसाच, सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असा टाकला.

"हिरवं! दोनी हिरवे!"

एक हमाल फसकन हसला आणि त्याच्याच शेजाऱ्यानं त्याला गप्प केलं. भर बाजारात आपण नापास झालो म्हणून इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेटजी ढिगापाशी गेले. मग त्यांनी ढिगातलं एक हळकुंड उचललं, मामांच्या मागं गेले आणि कानापाशी मोडलं.

"वलं हाय," मामा मागं न पाहता म्हणाले. "वाळलं न्हाई. दोन उन्हं कमी पडली."

दुसरं मोडलं. टणकन वाजलं. "हे वाळलं. पर जास्त शिजलं, वास येऊन राहिला."

शेटजींनी ते तुकडे खिशात घातले. माफी वगैरे त्यांच्या तोंडून निघणारी नव्हती. फक्त म्हणाले, "काहून न्हाई सांगितलं आदी, येड्या?"

"मला तरी कुटं ठाव होतं, शेटजी," मामा म्हणाले.

शेटजींनी चहा मागवला. मोंढ्यात याला माफी म्हणतात. मीही प्यायले, साखर टाकलेला, आणि मामांच्या हातातली कपबशी मात्र काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी स्वतः मामा-मामींबरोबर औरंगाबादला गेले. रजेचा अर्ज परत आल्यावर दिला. साहेबांनी मला खुलासा मागितला, मी तो चार ओळींत लिहिला, आणि बढतीच्या यादीत माझं नाव दोन वर्षं मागं गेलं. उजव्या डोळ्याला लेसर झालं आणि तो टिकला. डाव्यातलं रक्त काही महिन्यांनी थोडं विरलं, पण मागचा पडदा ओढला गेला होता. डाव्या डोळ्यानं मामांना हात हललेला कळायचा, बोटं मोजता यायची नाहीत. ते पंधरा दिवस मी अजून विसरलेले नाही, विसरायचे नाहीतच.

मामा मोंढ्यात परत उभे राहिले, ते दोघं मिळून. हळकुंड मामा मोडत, कानाशी आणि नाकाशी धरत, ओलं-वाळलं सांगत. मग तुकडा चावळीबाईंच्या हातात जाई आणि रंग त्या सांगत. मामा म्हणत पक्का, त्या म्हणत, "गप बसा, फिका हाय." भर लिलावात दोघांचं भांडण चाले आणि व्यापारी ते संपेपर्यंत थांबत. एकानं विचारलं होतं, या बाईचा शब्द काय म्हणून मानायचा? तेव्हा शेटजी म्हणाले होते, ही नवऱ्याला भर बाजारात खोटं पाडती, तुला काय सोडंल? मी मात्र त्या दिवसापासून कुणालाही नुसत्या तक्त्यावर दाखला दिला नाही. आधी पाय पाहायची. लोक म्हणत, डोळ्याच्या बाई चप्पल काढायला लावतात, डोकं फिरलंय.

मी निवृत्त झाले तेव्हा जिल्हा हिंगोली होऊन बरीच वर्षं झाली होती. निरोपाच्या दिवशी हार, नारळ, साडी आणि लांबलचक भाषणं. पेढ्यांचा बॉक्स माझ्याच मांडीवर होता आणि मी त्यातले सहा खाल्ले होते. मामा-मामीही आले होते, हळदीची एक पिशवी घेऊन. सगळं आटोपल्यावर चावळीबाईंनी मला विचारलं, "बाई, तुमचे डोळे कोनी पाह्यले का कदी?"

मी आठवून पाहिलं. सव्वीस वर्षांत कुणी नाही. शुगरही तपासली नव्हती.

माझ्या जागेवर आलेली मुलगी हुशार होती, उत्साही होती. तिनं हसत हसत मला त्याच स्टुलावर बसवलं आणि तक्त्यावर काडी ठेवली. मी खडाखडा म्हटलं, शेवटच्या ओळीपर्यंत, दोन्ही डोळ्यांनी. ती म्हणाली, "मॅडम, सहा बाय सहा! अत्युत्तम!" आणि लिहू लागली.

"थांब," मी म्हटलं. "मी वाचलं नाही. मी म्हटलं."

तिला कळलं नाही. मामांना कळलं. ते खोखो हसले आणि म्हणाले, "पोरी, बाईच्या पायात चप्पल हाय का बघ आदी."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. शुगर निघाली, चांगली दणदणीत. पडदा अजून स्वच्छ होता. गोळ्या चालू आहेत, पेढे बंद आहेत, आणि दर वर्षी थेंब टाकून पडदा दाखवते. त्या मुलीकडून माझ्या केसपेपरवर वरच्या बाजूला मी एक ओळ मोठ्या अक्षरात लिहून घेतली आहे आणि तिच्याखाली स्वतःच्या हातानं दोन रेघा ओढल्या आहेत: "या बाईला तक्ता पाठ आहे. पडदा पाहिल्याशिवाय सही करू नये."